निळ्या खुंटांचं शेत

वेंडल हॉस्किन्सने उभ्या आयुष्यात जमिनीला नांगर लावला नाही, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. त्याचा बाप पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरउतारावर बटाटे लावायचा. वेंडल नऊ वर्षांचा असताना मे महिन्यातल्या एका दुपारी नुकत्या नांगरलेल्या उतारावर ढग फुटला. ओढा पुढे तीन दिवस कॉफीसारखा वाहत होता. बाप काठावर उभा राहून आपली जमीन खालच्या काउंटीत जाताना बघत राहिला. त्याने शिवी दिली नाही, टोपी काढली नाही. पुढच्या वर्षी तो काचेच्या कारखान्यात लागला आणि मरेपर्यंत बटाट्याला हात लावला नाही, ताटातल्यासुद्धा.

वेंडलने काउंटीची बर्फ लोटायची गाडी एकतीस वर्षं चालवली. निवृत्त झाल्यावर त्याने हरणांसाठी शेतं करायला घेतली. त्या भागात हे नवल नाही. नोव्हेंबरात शिकारीला जाणारा प्रत्येक माणूस आपल्या रानाच्या कोपऱ्यात क्लोव्हरच्या चाऱ्याचा, गव्हाचा एखादा तुकडा राखतो. हरणं खाऊन जगतात, त्यातली थोडी माणसं खातात. पण बाकीचे ट्रॅक्टर आणायचे, माती उलथायचे. वेंडल तसं करत नसे. तोडीनंतर उगवून आलेलं पंधरा-वीस वर्षांचं कोवळं रान तो निवडायचा; मनगटाएवढी खोडं, इतकी दाट की कुत्रंही वळसा घालून जाईल, आणि खाली गवताची काडी नाही. ऑगस्ट संपता संपता तो ती खोडं यंत्राने घोट्याजवळ कापायचा. मग तासाभराच्या आत प्रत्येक खुंटाच्या तोंडावर तणनाशक पुसायचा, नाहीतर एका खुंटाला दहा फुटवे येतात. कुठला खुंट झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून औषधात निळा रंग घालायचा. जुना पाला हवा फेकणाऱ्या यंत्राने उडवायचा, आंबट मातीवर चुना पसरायचा, आणि पाऊस येतोय असं दिसलं की बी हाताने फेकायचा. फाळ नाही, दाताळंसुद्धा नाही.

“वर काय करायचं ते करा,” तो सांगायचा. “खाली हात घालायचा नाही. खाली जे चाललंय ते आपल्याला कळत नाही.”

दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी शिकारी क्लबच्या मैदानावर शेतांचा दिवस असायचा. उकडलेली कणसं, हरणाच्या मांसाचं सॉसेज, आणि मधे तासभर वेंडलचं बोलणं. चाळीस-पन्नास माणसं खुर्च्या घेऊन यायची. क्लबचा अध्यक्ष मर्ल झेप त्याची ओळख करून देताना म्हणायचा, “हा माणूस इतका आळशी आहे की त्याने आळसाचं शास्त्र करून ठेवलं.” लोक हसायचे आणि वह्या उघडायचे. वेंडलला त्या उघडणाऱ्या वह्यांचा आवाज आवडत असे. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्याच्या रानाच्या वरच्या टोकाला दगडी बांध होता आणि बांधापलीकडे आर्डिस लुंडग्रेन राहायच्या. वय एकोणऐंशी. सत्तावीस वर्षांच्या असल्यापासून त्यांनी शाळेची बस चालवली होती आणि वेंडल त्याच बसमधून शाळेला गेला होता. साठी गाठली तरी तो त्यांना मिसेस लुंडग्रेनच म्हणायचा. बसमध्ये कुणी काही केलं की त्या ओरडायच्या नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायच्या, इंजिन बंद करायच्या आणि डोक्यावरच्या लांबट आरशात पाहत बसायच्या. ज्याने केलं असेल त्याचा हात वर येईपर्यंत. हिवाळ्यात काचांवर आतून बर्फ धरायचा तरी इंजिन सुरू व्हायचं नाही.

त्यांच्या बाजूला, बांधाला जवळजवळ टेकून, बीचचं एक झाड होतं. हत्तीच्या पायासारखं राखाडी, गुळगुळीत. त्या डोंगरावरची बाकी मोठी बीचची झाडं पंचवीस वर्षांत रोगाने गेली होती. सालीवर आधी पांढरा कापूस धरायचा, मग फोड यायचे, मग एखाद्या वाऱ्यात झाड कमरेतून मोडायचं. या एका झाडाला काही झालं नाही. दर ऑक्टोबरात अस्वलं त्यावर चढायची, वर बसून फांद्या ओढून बिया खायची. बुंध्यावर खालपासून वरपर्यंत पंजांचे ओरखडे होते, काळे पडलेले. आर्डिसबाईंचे यजमान नेल्स ते पाहुण्यांना दाखवायचे. साल वाढते तसे ओरखडे रुंदावतात, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लहानशा अस्वलाचा पंजा आता सुपाएवढा झाला होता. “अस्वल केव्हाच मेलं,” नेल्स म्हणायचे, “पंजा अजून वाढतोय.” नेल्सना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आर्डिसबाई अजूनही ऑक्टोबरात खुर्ची घेऊन मागच्या दारात बसायच्या आणि किती अस्वलं आली ते मोजायच्या.

सहा वर्षांपूर्वी सरकारी रोपवाटिकेतली एक मुलगी हे झाड बघायला आली होती. रोग न लागणारं झाड शंभरात एखादंच, असं ती म्हणाली. ती फेब्रुवारीत बर्फातून येऊन काड्या घेऊन जायची आणि त्यांची कलमं करायची. आता तिच्याकडे या झाडाची साठ कलमं होती, कमरेएवढी वाढलेली. त्यांच्या बियांतून पुन्हा डोंगर भरायचा, असा बेत होता.

मागच्या वर्षी वेंडलने बांधालगतचं आपलं दीड एकर रान कापायला घेतलं. ते सगळं बीचचंच होतं. सासऱ्याच्या काळात तिथे तोड झाली आणि नंतर जिकडेतिकडे बीचची पोरं उठली, हजारोंनी. चार दिवस तो कापत होता आणि पुसत होता. व्हर्ना, त्याची बायको, त्याची निळी बोटं बघून म्हणाली, “हरणांसाठी चुना पोत्यांनी जातो. माझ्या टोमॅटोंना मूठभर नाही.” सप्टेंबरात हिरवं उगवलं, ऑक्टोबरात हरणांनी पायवाट पाडली. त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं शेत. मर्ल दोनदा बघून गेला आणि म्हणाला की पुढच्या ऑगस्टला लोकांना इथेच आणायचं.

जूनमध्ये आर्डिसबाईंनी त्याला बांधाशी हाक मारली.

झाडाला पानं आली होती, पण खालच्या बाजूच्या, म्हणजे त्याच्या शेताकडच्या फांद्यांवर ती नखाएवढीच राहिली होती. अरुंद, पिवळी, झुबक्याने आलेली. त्या म्हणाल्या, “तुला झाडांतलं कळतं. बघ जरा.”

तो बांधावरून पलीकडे गेला. सालीवर हात फिरवला. कापूस नव्हता, फोड नव्हता. साल स्वच्छ होती. ती पानं मात्र त्याने पूर्वी पाहिली होती. औषध खुंटाला पुसलं आणि खुंट पुरता मेला नाही तर पुढच्या वर्षी त्याला अगदी अशीच पानं येतात. तो वळला आणि त्याने आपल्या शेताकडे पाहिलं. क्लोव्हर फुललं होतं. त्यातून खुंट डोकावत होते, रंग उडाला होता, तरी काहींवर निळं अजून होतं. आणि त्याला एकदम उलगडलं, एवढं साधं होतं की ते कापताना त्याच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच नवल वाटावं. ती पोरं बियांतून उगवलेली नव्हती. ती मुळांतून उठलेली होती. तोडलेल्या झाडांच्या मुळांतून काही, पण बांधाजवळची सगळी या झाडाच्या मुळांतून. त्याने चार दिवस, एकेका खुंटातून, या झाडाला औषध पाजलं होतं.

“रोगच लागला ना शेवटी?” आर्डिसबाईंनी विचारलं.

वेंडल सालीवरचा हात काढून म्हणाला, “तसंच दिसतंय.”

एवढंच. तो खोटं बोलला असं कुणी म्हटलं असतं तर तो वादही घालू शकला असता. घरी जाताना त्याने तो वाद स्वतःशी घातला आणि जिंकलाही. मग ओट्यावर येऊन बूट काढताना त्याला लेस सोडवता येईना.

त्यानंतरचे आठवडे त्याने कसे काढले हे बाहेरून कुणाला कळलं नसतं. तो जेवत होता, क्लबात जात होता, मर्लशी ऑगस्टच्या खुर्च्यांबद्दल बोलत होता. फक्त गावात जाताना आर्डिसबाईंच्या घरावरून जाणारा रस्ता त्याने सोडला. त्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगच्या चाकावरची दोन बोटं उचलायची, हा तिथला रिवाज. आर्डिसबाईंना ती बोटं दाखवणं त्याला जमेना. लाज ही पोटात असते असं म्हणतात. वेंडलची हातांत होती. निळा रंग मागच्या सप्टेंबरातच निघून गेला होता, तरी तो चर्चमध्ये हात मांडीखाली घेऊन बसायचा.

“गिरणीच्या रस्त्याने जातोस हल्ली,” व्हर्ना एकदा म्हणाली. “तीन मैल लांब पडतो.”

तो म्हणाला, इकडे खड्डे आहेत. ती म्हणाली, एकतीस वर्षं तू ते खड्डे बुजवलेस, आता त्यांना घाबरतोस का. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्याला विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

कधी कधी तो शेताच्या खालच्या कडेला उभा राहायचा. तिथून झाडाचा शेंडा दिसत असे. जुलैत निम्म्या फांद्या उघड्या पडल्या. उरलेली बाजू हिरवी होती, आणि माणसाला अर्धांगवायू झाला की तोंड जसं एकीकडे ओढलेलं दिसतं, तसं ते झाड दिसायचं. खाली हरणं खात होती. दिवसाढवळ्या, निर्धास्त. एक मादी मान वर करून त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा खाली घालायची. त्याला वाटायचं, आपण जन्मभर मातीच्या वरवर जपून चालणारा माणूस, आणि खाली सगळ्यात खोल आपलाच हात गेला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी पोस्टाच्या पेट्यांपाशी आर्डिसबाईंनी त्याला गाठलं. त्याची पेटी आणि त्यांची पेटी एकाच खांबावर होती. ती जागा त्याला टाळता येण्यासारखी नव्हती. त्या पत्रं काढता काढता बोलल्या. त्यांनी रोपवाटिकेत फोन करून सांगितलं होतं की झाडाला रोग लागला. आधी ती मुलगी मानायला तयार नव्हती. सहा वर्षं तपासलंय, म्हणाली, रोग लागतो का ते पाहायला रोगाच्या किड्यांची अंडीसुद्धा मुद्दाम सालीला बांधून बघितली होती.

“मग मी तिला सांगितलं की वेंडल हॉस्किन्सने स्वतः हात लावून बघितलंय,” आर्डिसबाई म्हणाल्या. “तुझं नाव तिला माहीत होतं. तेव्हा गप्प बसली.”

ती गुरुवारी येणार होती. झाड एकदा बघून, मग ती साठ कलमं उपटायची. रोग लागणारं झाड असेल तर त्याचं बी डोंगरावर पसरवून उपयोग काय.

“बरं झालं वेळेत कळलं,” आर्डिसबाई म्हणाल्या. “नेल्स असता तर त्याला वाईट वाटलं असतं. पण त्यानेही हेच केलं असतं.”

त्यांनी पेटीचं झाकण लावलं, आणि त्याच्या पेटीचं उघडं राहिलेलं झाकणही लावलं.

तो दोन दिवस काही बोलला नाही. तोंड बंद ठेवायलाही हिशोब लागतो, आणि त्याचा हिशोब असा होता: झाड जातंच आहे. गेलेलं झाड कशाने गेलं याने आता काय फरक पडतो. कलमं दुसऱ्या झाडाची होतील. मुलगी तरुण आहे, तिच्यापुढे वर्षं आहेत. शनिवारी चाळीस माणसं खुर्च्या घेऊन येणार आहेत. या सगळ्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं. बुधवारी दुपारी व्हर्ना टोमॅटो बरण्यांत भरत होती. तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, मी वर जाऊन येतो. तिने कुठे म्हणून विचारलं नाही. “टोपी घाल,” म्हणाली.

सगळ्यात जवळची वाट शेतातूनच होती. क्लोव्हर घोट्यापर्यंत आलं होतं आणि त्यात खुंट लपले होते. दोनदा त्याला ठेच लागली. आर्डिसबाई मागच्या दारात ब्लॅकबेरी निवडत बसल्या होत्या. मांडीवर पातेलं, बोटं जांभळी. त्यांनी मान वर केली.

“मिसेस लुंडग्रेन,” तो म्हणाला, “झाडाला रोग लागलेला नाही.”

“मग काय झालंय?”

“माझं औषध लागलंय.”

त्या फळं निवडत राहिल्या. त्याने सांगितलं, कसं ते. कापलेली पोरं, खुंट, निळा रंग, मुळं. तो उभ्या उभ्याच सांगत होता, कारण त्यांनी बस म्हटलं नव्हतं.

“म्हणजे तू त्याची पोरं मारलीस, आणि ते पोरांमागे गेलं,” त्या म्हणाल्या.

हे असंच राहू द्यावं असं त्याला क्षणभर वाटलं. त्यात थोडं कारुण्य होतं. पण ते खरं नव्हतं.

“पोरं नव्हती ती,” तो म्हणाला. “तेच झाड होतं. बांधाच्या माझ्या बाजूला आलेलं.”

आता त्यांचे हात थांबले. त्या त्याच्याकडे बघू लागल्या. कुठेतरी लांब करवत चालू होती, ती बंद झाली, पुन्हा सुरू झाली. त्या बघत होत्या आणि वेंडलला कळलं की अजून काहीतरी राहिलंय, आणि ते त्यांना माहीत आहे, आणि ते तो म्हणेपर्यंत हे असंच चालणार.

“मला जूनमध्येच कळलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलंत तेव्हाच. सालीला हात लावला तेव्हाच.”

“जूनमध्ये.”

“हो.”

“आठ आठवडे.” त्यांनी पातेलं मांडीवरून खाली ठेवलं. “वेंडल, झाड तू चुकून मारलंस. ते मी समजू शकते. नेल्सने एकदा चुकून आमचं स्वतःचं कुत्रं ट्रकखाली घेतलं होतं. पण आठ आठवडे माणूस चुकून गप्प बसत नाही.”

तो म्हणाला, नाही बसत.

“उद्या दहाला ती मुलगी येईल. तिला तू सांगायचंस. मी नाही. मी तुझं नाव एकदा सांगून बसलेय, आता पुन्हा घेणार नाही.”

त्या पातेलं उचलून आत गेल्या. जाळीचं दार त्यांच्यामागे आपसूक आपटलं. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, कुणी जा म्हणेल या आशेने.

गुरुवारी त्याने सांगितलं. मुलगी चिडली नाही. तिने पानं तोडून पिशवीत घातली, औषध किती तीव्रतेचं होतं, महिना कुठला, बांधापासून किती अंतरापर्यंतचे खुंट, असं विचारत गेली आणि लिहीत गेली. कलमं राहणार होती. हिरव्या बाजूने हिवाळा काढला तर ती फेब्रुवारीत शेवटच्या काड्या घ्यायला येणार होती. जाताना तिने वेंडलचे आभार मानले. आर्डिसबाई त्या वेळी घरातच होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची सावली दिसत होती.

शनिवार उरला होता. मर्लला त्याने आदल्या दिवशी गाठून सांगितलं. मर्लने खालचा ओठ चावला आणि म्हणाला, “हे सांगायलाच हवं का? म्हातारी कुणाला बोलणारी नाही. आणि बांधापलीकडचं झाड कुणाच्या डोक्यात येतं? माझ्याही आलं नसतं.” त्यात दया होती, आणि वेंडलला ती नकोशी झाली, पण टाकूनही देता येईना. तो म्हणाला, लोकांना त्या शेतात आणायचं ठरलंय ना, मग आण.

बेचाळीस माणसं आली. त्यांनी शेतात खुर्च्या मांडल्या, काहींच्या खुर्चीचा एक पाय खुंटावर आला, त्यावरून हशा झाला. वेंडल उभा राहिला आणि त्याने आधी झाड दाखवलं. सगळ्यांनी माना वळवल्या. त्याने सगळं सांगितलं, जूनसकट. जूनबद्दल बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्या रांगेतल्या कुणीतरी “मोठ्याने” म्हटलं, आणि त्याला ते वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

मग दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाने हात वर केला. वेंडलने त्याच्याकडे पाहिलं. जे येईल ते घ्यायची त्याची तयारी होती.

“मग बांधापासून किती फूट सोडायचं?” त्या माणसाने विचारलं. “आणि औषध किती टक्के ठेवायचं?”

वह्या उघडल्या. तोच आवाज. वेंडलने आकडे सांगितले. लोक लिहीत होते, आणि तो उभा होता, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याने जे इथे टाकायला आणलं होतं ते कुणी उचललेलं नाही. ते त्याला परत घरी न्यावं लागणार होतं. नंतर दोघांतिघांनी त्याचा खांदा थोपटला.

तो पुन्हा जवळच्या रस्त्याने जाऊ लागला. आर्डिसबाईंची जुनी निळी गाडी समोरून आली की तो चाकावरची दोन बोटं उचलायचा. त्या समोर बघत जायच्या. तो दर वेळी उचलायचा.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या बांधाशी आल्या. तो शेतात हरणांची वाट बघत होता, बंदूक नव्हती, नुसताच. त्यांनी हाक मारली नाही. तिथे येऊन उभ्या राहिल्या. तो गेला.

झाडावर आता कुठल्याच बाजूला पान नव्हतं, पण त्या दिवसांत ते बहुतेक झाडांवर नसतं, त्यामुळे लांबून काही कळत नव्हतं. आर्डिसबाईंनी बुंध्याकडे बोट केलं. सालीवर ताजे ओरखडे होते, पाच-पाच, खालपासून पहिल्या फांदीपर्यंत. आतलं लाकूड फिकट दिसत होतं.

“काल संध्याकाळी आलं,” त्या म्हणाल्या. “एकच. थेट शेंड्यापर्यंत गेलं. बराच वेळ वर बसून होतं. मग उतरलं.”

“बिया?”

“कुठल्या बिया.”

दोघं बघत राहिले. त्यांच्यामागे शेतात हरणं बाहेर पडायला लागली होती, एकेक करत. वेंडलने हात पुढे केला, आणि बांधावरून पलीकडे जायला हवं, विचारायला हवं, म्हणून थांबला. त्या बाजूला सरकल्या. तो बांध ओलांडून गेला आणि त्याने ताज्या ओरखड्यावर बोट ठेवलं. कड कोरडी होती, त्यातून काही पाझरत नव्हतं. त्याच्या वरच नेल्स दाखवायचे तो सुपाएवढा पंजा होता, काळा, रुंद, चाळीस वर्षं साल सरकत सरकत मोठा झालेला. हा नवा मोठा होणार नव्हता. तो अस्वलाच्या पंजाएवढाच राहणार होता.

“मी मोजलं,” आर्डिसबाई म्हणाल्या. “यंदा एक.”

आणि त्या घराकडे वळल्या.